मान नको, तोंड हलवा

कुमुदताई गेल्यावर वकिलांच्या बाररूममध्ये शोकसभा झाली. पाच जण बोलले आणि पाचही जणांच्या भाषणात एक वाक्य होतंच : "ताई राजकारणासाठी नव्हत्याच." एकाने ते डोळे पुसत म्हटलं, एकाने हसत. एका ज्येष्ठ वकिलांनी तर "दिल्ली त्यांना मानवली नाही" असंही जोडलं, जणू ताई तिकडे हवापालटाला गेल्या होत्या. मी मागच्या बाकावर बसले होते. उठावं आणि सांगावं असं फार वाटत होतं, की बाबांनो, मानवलं नाही ते दिल्लीला. पण शोकसभेत प्रतिवाद करत नाहीत. दोन मिनिटं उभं राहायचं, खाली बघायचं आणि चहा घ्यायचा. मी चहा न घेता निघाले.

तो राहिलेला प्रतिवाद इथे करते आहे.

अ‍ॅडव्होकेट कुमुद शिरधनकर. रत्नागिरीच्या कोर्टात तीसेक वर्षं वकिली, मध्ये तीन वर्षांहून थोडी कमी खासदारकी, आणि मग पुन्हा तेच कोर्ट, तीच खुर्ची. उंचीला जेमतेम, अंगाने काटकुळी. काळा कोट धुऊन धुऊन कोकमाच्या वाळलेल्या सालीच्या रंगाचा झालेला. हातात पुरुषी मोठी छत्री, ती उन्हाळ्यातही. कोटाच्या उजव्या खिशात कागदाची पुडी, आणि पुडीत आमसुलं. उलटतपासणीला उभं राहायच्या आधी त्या एक आमसूल जिभेवर ठेवत. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "मॅडम, तोंडात काय आहे?"

"आमसूल, साहेब."

"आत्ता?"

"समोरचे वकील गेली दहा मिनिटं खोटं बोलतायत. तोंडात काही असलं की मला पटकन बोलता येत नाही. बरं असतं ते."

समोरचे वकीलही हसले, असं सांगतात. ताईंचा राग सगळ्या कोर्टाला माहीत होता आणि त्यावरचा हा घरगुती इलाजही.

त्यांचं ऑफिस गाडीतळाजवळ, छत्री दुरुस्तीच्या दुकानावर, लाकडी जिन्याने चढून. खोलीत एक टेबल, एक बाक आणि भिंतीला टेकलेल्या फाइली. तिथे जे चाले ते मी दुसऱ्या कुठल्याच वकिलाकडे पाहिलं नाही. अशिलाचं म्हणणं ऐकून ताई प्रतिज्ञापत्र तयार करत. मग ते सगळं त्याला वाचून दाखवत, सावकाश, कोर्टाची मराठी सोडून वाडीतल्या मराठीत. वाचून झालं की माणूस मान हलवे. आपल्याकडची माणसं कागदासमोर हलवतात तशी, नम्रपणे, काही न कळता. ताई कागद उलटा करून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मान नको, तोंड हलवा. काय लिहिलंय ते आता तुम्ही मला सांगा."

जोपर्यंत अशील स्वतःच्या शब्दांत सगळं उलट सांगत नाही, तोपर्यंत सही नाही, अंगठा नाही. कुणाला दहा मिनिटं लागत, कुणाला दोन दिवस. घाईची माणसं दुसऱ्या वकिलाकडे जात. ताई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जात आणि कुठला वकील लवकर काम करतो तेही सांगत.

एकदा मी बाकावर बसले असताना संगमेश्वराकडचे एक म्हातारे आले होते. भावाने बांध सरकवला म्हणून दावा लावायचा होता. वाचून झालं, कागद उलटा झाला. म्हातारे उलट सांगू लागले, "माज्या भावान माजा बांध सरकवला. तीन हात. मी त्येला सांगून बगितला. त्यो ऐकला नाय. मग मी त्येला माफ केला."

"माफ केलं? असं कुठे लिहिलंय मी?"

"नाय लिवलात? मग लिवा. काल रातच्याला माफ केला."

"बाबा, मग दावा कशाला लावताय?"

"ता माजा पोरगा सांगील. त्यो मुंबयला असतो."

ताईंनी कागद फाडला आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. जिन्यावरून ते उतरताना मला म्हणाल्या, "बघ. मान हलली असती तर हे भांडण नातवापर्यंत गेलं असतं."

माझी त्यांच्याशी ओळख एका पत्रकामुळे झाली. माझे बाबा प्राथमिक शिक्षक. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असत : चौदा एप्रिलचे, सहा डिसेंबरचे, 'शाळा वाचवा'चे, 'पाणी द्या'चे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरूनच. 'जागे व्हा' हे मी 'कमळ'च्या आधी वाचलं असेन. त्यामुळे तळसड्यावर कारखाना येणार, सडा म्हणजे गावाचं कातळाचं पठार जाणार अशी बातमी आली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि पत्रक लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. छापण्याआधी कायद्याच्या दृष्टीने बघून घ्यावं म्हणून ताईंकडे गेले.

त्यांनी ते एकदा मनात वाचलं. मग खिडकीतून खाली हाक मारली. मिरकरवाड्याच्या हमीदाबी मासळीची पाटी रिकामी करून परतत होत्या. त्या वर आल्या, बाकावर टेकल्या.

"हमीदाबी, ही पोरगी काय वाचते ते ऐका."

मी वाचलं. भांडवलशाहीचा अजगर होता त्यात, रक्ताने न्हालेली लाल माती होती, शेवटी चार उद्गारचिन्हं होती. आवाजही चढवला होता मी. हमीदाबींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"मान नको," ताई म्हणाल्या. "काय कळलं ते सांगा."

हमीदाबींनी माझ्याकडे मायेने बघितलं. "पोरगी रागावलीय."

"कुणावर?"

"ता काय कळला नाय. पन लय रागावलीय बिचारी. जेवलीय का न्हाय ती?"

त्या पत्रकाचं पुढे सात ओळींचं पत्रक झालं. सडा म्हणजे किती जमीन, कुणाची, कोण मागतंय, कशासाठी, ग्रामसभेने नाही म्हटलं तर काय होतं, आणि ग्रामसभा कधी आहे. अजगर गेला. ताई म्हणाल्या, "राग असू दे. तो कागदावर सांडू नको, साठवून ठेव, पुढे लागेल." मला तेव्हा फार अपमान वाटला होता. राग मी अजून साठवूनच आहे. त्याचं काय करायचं हे त्यांच्याइतकं मला कळत नाही, एवढाच फरक.

हमीदाबींना उलट सांगता येईपर्यंत आम्ही ते पत्रक छापलं नाही. त्या ग्रामसभेला सड्यावरच्या तिन्ही वाड्या आल्या, मुंबईची माणसंही सुट्टी काढून आली आणि ठराव झाला : जमीन देणार नाही. संमतीशिवाय जमीन घेता येत नव्हती, म्हणून कारखान्याची फाइल तिथेच थांबली.

ही उलट सांगायला लावायची सवय आली कुठून, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ताईंनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना तोंडात आमसूल नव्हतं.

आपल्याकडे गणपतीत सगळे येतात. भाऊ मुंबईहून, बहिणी सासरहून. सगळ्यांची तोंडं एका जागी बघायला मिळतात ती वर्षातून त्या पाच दिवसांत. म्हणून जमिनीचे कागदही तेव्हाच होतात. बहिणींची हक्कसोडपत्रं तर हमखास. गौरी जेवल्या की माहेरवाशिणींना टेम्पोत बसवायचं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात न्यायचं, अंगठे घ्यायचे, येताना नवी साडी. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या आत्याची साडी मी पाहिली आहे.

ताईंची वकिली नवी होती. एका गणपतीत त्यांच्याकडे अचानक कामाची रांग लागली. सगळे भाऊच. ताईंना वाटलं, आपलं नाव होऊ लागलं. त्या आठवड्यात त्यांनी अकरा हक्कसोडपत्रं केली. प्रत्येक कागदाच्या तळाशी ते नेहमीचं वाक्य छापलेलं होतं : 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजावून सांगितला व तो मला समजला.' ताई प्रत्येक बाईला विचारत, "कबूल आहे ना?" बाई मान हलवी. अंगठा होई.

त्यातल्या एक तळसड्याच्या भागीरथी आगरे. पुढे त्यांचा नवरा वारला आणि त्या शिमग्यानंतर माहेरी आल्या, वडिलांनी त्यांच्या नावाने लावलेल्या काजूच्या बिया गोळा करायला. भावाने झाडाला हात लावू दिला नाही. म्हणाला, तू सोडलंस ना सगळं, कागद हाय. भागीरथीबाईंना त्या गणपतीत त्याने सांगितलं होतं, विजेचा मीटर भावाच्या नावावर करायचा आहे. त्या चालत ताईंच्या ऑफिसात आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दारातच उभं राहून एवढंच बोलल्या, "बाय, थय तू बाईमानूस बसलेली दिसलीस, म्हनून मी काय इचारला नाय."

तेव्हा ताईंना त्या आठवड्याची रांग कळली. भाऊ त्यांच्याकडे का आले होते ते कळलं. बाई वकील समोर असली की बहिणी प्रश्न विचारत नाहीत.

दुसरा कुणी असता तर हळहळला असता आणि पुढच्या गणपतीपासून सावध राहिला असता. ताईंनी भागीरथीबाईंना दुसरा वकील करून दिला, दस्त रद्द करण्याचा दावा लावायला लावला आणि स्वतः साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. स्वतः केलेल्या कागदाविरुद्ध. भावाच्या वकिलाने त्यांना सोललं.

"म्हणजे मॅडम, दस्त वाचून न दाखवता तुम्ही अंगठा घेता?"

"त्या दिवशी घेतला."

"असे किती दस्त केलेत?"

"त्या आठवड्यात अकरा."

"आणि खाली 'वाचून दाखवला' असं छापलंय, ते खोटं?"

"खोटं. मी छापलेलं खोटं."

बाररूममध्ये त्यांच्याशी कुणी बोलेना. कारण ते वाक्य सगळ्यांच्याच कागदांवर होतं. दावा बरीच वर्षं चालला आणि भागीरथीबाई हरल्या. नोंदलेला दस्त, कबूल असलेला अंगठा. कोर्टाने तो उलटवला नाही. ताईंचं अर्धं काम गेलं. उरलेल्या दहा बहिणींचा पत्ता काढत त्या गावोगाव फिरल्या. काही भेटल्या, काहींनी दारातून परत पाठवलं. आणि तेव्हापासून त्यांच्या ऑफिसात कागद उलटा होऊ लागला.

आता राजकारण.

तळसड्याचा ठराव झाल्यावर जिल्ह्यात ताईंचं नाव झालं. लोकसभेची निवडणूक आली, आणि एका मोठ्या पक्षाचा ठरलेला उमेदवार ऐनवेळी मागे हटला. पक्षाचे नेते, त्यांना भाऊसाहेब म्हणू, लाकडी जिना चढून ताईंच्या ऑफिसात आले. सोबत पाच-सहा कार्यकर्ते. ताई एका आजींना वाचून दाखवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसा. आजींचं होऊ दे." बाकावर जागा दोघांचीच. बाकीचे उभे. आजी तीनदा चुकल्या. भाऊसाहेब घाम पुसत ऐकत राहिले.

मग बोलणी झाली. ताईंची एकच अट होती. जमिनीचा प्रश्न आला की गावाच्या संमतीविरुद्ध त्या मत देणार नाहीत, पक्ष काहीही म्हणो. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

ताईंनी ती मान चालवून घेतली.

मी तिथेच होते, दाराशी. मला ते खटकलं नाही. मी घरी जाऊन प्रचारपत्रक लिहायला बसले होते. ताई मात्र पुढे नेहमी म्हणत, "आयुष्यात दोनदा मान चालवून घेतली. पहिल्यांदा भागीरथीबाईंची जमीन गेली. दुसऱ्यांदा सगळ्यांचीच जायची वेळ आली."

प्रचाराला त्यांनी भाषणं केली नाहीत म्हटलं तरी चालेल. मतदारसंघाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाड्यावाड्यांत बसून त्या लोकांना खासदार काय करतो ते सांगत आणि मग त्यांच्याकडून उलट सांगून घेत. कार्यकर्ते वैतागले. एकजण म्हणाला, "ताई, असं केलंत तर सहा निवडणुका लागतील मतदारसंघ पुरा व्हायला." तरी त्या निवडून आल्या. लाटेत आल्या असं शहाणे म्हणतात. असतील. सड्यावरच्या मतदान केंद्रांवर मात्र लाट नव्हती, तिथे नुसत्या ताई होत्या.

दिल्लीत त्यांनी काय केलं? शोकसभेत कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते. त्या विधेयकं वाचत. सगळी, तळटिपांसकट. जिथे मसुदे संध्याकाळी हातात पडतात आणि सकाळी मंजूर होतात, तिथे ही बाई पेन्सिल घेऊन बसायची. फ्लॅटच्या गॅलरीत सुके बांगडे वाळत घातले म्हणून शेजारच्या खासदारांनी तक्रार केली, तेव्हा ताईंनी त्यांना जेवायलाच बोलावलं. पुढे ते गृहस्थ प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला विचारू लागले, "मछली लायीं क्या?" अवघड विधेयक आलं की ते ताईंना फोन करत, "बहनजी, इसमें लिखा क्या है?" असे फोन करणारे हळूहळू वाढले. पक्षाच्या नेत्यांना हे आवडण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी ते विधेयक आलं. नाव लांबलचक होतं आणि त्यात विकास होता. आत एक कलम होतं : ठरावीक प्रकल्पांसाठी जमीन घेताना ग्रामसभेची संमती लागणार नाही. तळसड्याची थांबलेली फाइल त्या एका कलमाने पुन्हा चालू होत होती.

आदल्या दिवशी पक्षाच्या खासदारांची बैठक झाली. ती ताईंनी मला नंतर सांगितली, सगळ्यांचे आवाज काढून. भाऊसाहेब म्हणाले, हे ऐतिहासिक विधेयक आहे, सर्वांनी बाजूने मत द्यायचं आहे, तसा पक्षादेश निघाला आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. ताई उभ्या राहिल्या.

"एक विनंती आहे. या विधेयकात काय आहे ते इथल्या कुणीही एकाने उलट सांगावं. कागद न बघता. बरोबर सांगितलं तर मी मत देते."

आधी हशा झाला. मग हशा थांबला, कारण ताई बसल्या नाहीत. एकाने सुरुवात केली, "इसमें विकास..." आणि पुढे त्याला आठवेना. मासे खाणारे गृहस्थ जमिनीकडे बघत होते. त्यांना येत होतं, ताईंनीच त्यांना शिकवलं होतं.

भाऊसाहेबांनी बैठक संपल्यावर ताईंना बाजूला घेतलं. "कुमुदताई, तुम्ही वकील आहात. आदेश मोडला की खासदारकी जाते, हे मी सांगायला नको."

"नको."

"मग उद्या आजारी पडा. हॉस्पिटलची सोय करतो. तुम्ही सभागृहात नाही आलात तर आम्ही बघून घेऊ. तुमची अटही राहील, पदही राहील."

"अट तुम्हाला आठवते?"

भाऊसाहेबांनी मान हलवली.

त्याच संध्याकाळी ताईंनी रत्नागिरीला फोन लावला, आपल्या सहकारी वकील नलिनी सुर्वे यांना. नलिनीताई व्यवहारी. त्या म्हणाल्या, "पड गो आजारी. एक दिवसाचा प्रश्न आहे. तू गेलीस तर जेटीचं काम अडून राहील, नर्सिंग कॉलेज अडून राहील. तुझ्या एका मताने ते विधेयक पडणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"नलू, भागीरथीबाईंनी विचारलं, त्या दिवशी तू कुठे होतीस, तर काय सांगू? मला ताप आला होता?"

नलिनीताई हे सांगताना अजून चिडतात. म्हणतात, "सल्ला मागायचा आणि वर आपणच उलटतपासणी घ्यायची. असला अशील नको."

बोलायला वेळ मिळाला नाही. वेळ पक्ष वाटतो. ताईंनी फक्त मत दिलं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडे मत देताना एका हाताने एक बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने आपलं मत. दोन्ही हात लागतात. अंगठ्याला एकच पुरत होता. म्हटलं, बरं आहे, चुकून झालं असं म्हणता येणार नाही." त्यांनी विरोधाचं लाल बटण दाबलं. पक्षातून एकटीने. विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झालं.

खासदारकी गेली. सुनावणीला त्या स्वतःचाच काळा कोट घालून हजर झाल्या आणि आदेश मोडला हे पहिल्याच वाक्यात कबूल करून मोकळ्या झाल्या. पोटनिवडणुकीत अपक्ष उभ्या राहिल्या. सपाटून पडल्या. गाडीतळावर लोक म्हणत, "एवढी मोठी जागा मिळाली, टिकवता नाय आली." निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या सव्वादहाला छत्री घेऊन कोर्टात आल्या. शिपायाने विचारलं, "ताई, आज सुट्टी नाय काय?" "कशाची?" असं विचारून त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांची तीन कामं बोर्डावर होती.

राजकारणासाठी नव्हत्या म्हणे. मग कोण आहेत? बैठकीत जमिनीकडे बघणारे?

ताईंना मी शेवटचं नीट पाहिलं ते तळसड्यावर. त्यानंतर त्या आजारी पडल्या, खऱ्या, आणि हॉस्पिटलमधली त्यांची आठवण मला ठेवायची नाही.

नव्या कायद्याने फाइल पुढे सरकली होती आणि मोजणीची नोटीस बजावायला एक अधिकारी सड्यावर आले होते. तरुण, देशावरचे, वागायला सभ्य. ऑक्टोबरचं ऊन. सड्यावर गवत पिवळं पडलेलं, त्यातून काळा कातळ वर आलेला. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं. जमीन सामायिक, सातबारावर त्रेसष्ट नावं. अधिकाऱ्यांना वाटलं होतं तासाभरात सह्या होतील. संमती आता विचारायचीच नव्हती. नोटीस मिळाली एवढीच सही.

पहिले होते सोनू आगरे, भागीरथीबाईंच्या भावकीतले. त्यांनी कागद हातात घेतला, मागेपुढे बघितला आणि परत दिला. "वाचून दाखवा, साहेब."

"अहो, मराठीतच आहे. घरी वाचा निवांत."

"हितं खाली छापलाय," सोनूंनी बोट ठेवलं, "'वाचून दाखवला, समजावून सांगितला व समजला.' मग दाखवा की."

अधिकाऱ्यांनी वाचलं. दोन पानं. सोनू म्हणाले, "आता मी सांगतंय, बरोबर काय बगा." आणि त्यांनी उलट सांगितलं. एका ठिकाणी चुकले. "ऱ्हवा," म्हणाले, "परत वाचा."

अकरा वाजता सुरू झालेलं सोनूंचं काम बाराला संपलं. मग दुसरे आले. "वाचून दाखवा, साहेब." रांगेत मुंबईहून आलेले होते, म्हातारे होते, कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या. कुणी घोषणा दिली नाही. कुणी आवाज चढवला नाही. माझ्या पिशवीत पत्रकं होती, ती मी बाहेरच काढली नाहीत. ताई पडवीच्या पायरीवर छत्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटून. मला वाटलं झोपल्या. पण रांगेतला कुणी काही गाळून पुढे गेला की डोळे न उघडता त्यांचं एक बोट वर होई, आणि तो माणूस आपणच म्हणे, "परत वाचा, साहेब."

चार वाजेपर्यंत पाच जण झाले. अधिकाऱ्यांचा घसा बसला होता. ते ताईंकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी सांगा ना यांना काही."

"मी काय सांगणार? सगळं तेच तर सांगतायत."

सहाव्या आल्या भागीरथी आगरे. आता सत्तरीच्या, काठी टेकत. अधिकाऱ्यांनी यादी दोनदा बघितली. "आजी, तुमचं नाव नाही यात."

"नाय ता म्हाईत हाय. म्हनून तं ऐकाला आलंय. नाव व्हता तवा कोनी वाचला नाय."

अधिकारी ताईंकडे बघू लागले. ताईंनी डोळे उघडले होते, पण त्या बघत होत्या भागीरथीबाईंकडे. मग त्या माणसाने पाणी प्यायलं आणि जिचं नाव कुठल्याच कागदावर नाही तिला ती दोन पानं पहिल्यापासून वाचून दाखवली. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

भागीरथीबाईंनी एका दमात उलट सांगितलं. चुकल्या नाहीत. गट नंबर, चतुःसीमा, मोजणीची तारीख, हरकत कुठे द्यायची ते, सगळं. शेवटी काठी पडवीच्या जमिनीवर ठेवून म्हणाल्या, "आनि साहेब, ह्या एवढ्या दोन पानांत, आमाला द्यायची हाय का नाय, ता कुठंच इचारलेला नाय. बरोबर?"

अधिकाऱ्यांनी मान हलवली.

पायरीवरून आवाज आला, "साहेब, मान नको. तोंड हलवा."

अधिकारी कागदाकडे बघत राहिले. त्यांच्यापुढे नोकरी होती, वरचे साहेब होते, उद्याची दुसरी वाडी होती.

"नाही," ते म्हणाले. "नाही विचारलेलं."

"मोठ्याने," ताई म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यांनी मोठ्याने सांगितलं.

ताई उठल्या, खिशातली पुडी काढली आणि एक आमसूल त्यांच्या पुढे धरलं. "घ्या. घसा बसलाय तुमचा. अजून अठ्ठावन्न आहेत." मग छत्री उघडून त्या एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. सड्यावर आडोसा म्हणून काही नसतं. ती काळी छत्री मला कितीतरी वेळ दिसत होती. मागे पडवीत सातवा माणूस पुढे होऊन म्हणत होता, "वाचून दाखवा, साहेब."